परवाना लागत नाही

कोर्पी,
९ सप्टेंबर १९५६

ती. केर्तुअक्कास,

ताइस्तोचा सा. न. वि. वि. तू पाठवलेल्या वेलचीच्या पावाचा शेवटचा तुकडा कॉफीत बुडवून खाल्ला आणि मग लिहायला बसलो. उपाशीपोटी लिहिलं असतं तर नुसता पावच मागितला असता.

घराच्या परवान्याचं विचारलं होतंस. जमिनीच्या कचेरीत जाऊन आलो. तिथल्या साहेबाने नकाशा पसरला, कोर्पीवर बोट ठेवलं आणि म्हणाला की इथे ना नगरपालिका, ना पंचायत, मग परवाना देणार कोण? लागतच नाही. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तो चिडला. कागद हवा तो फक्त संडासाचा, विहिरीपासून लांब खणला आहे एवढं आरोग्य खात्याला कळवायचं. म्हणजे बघ, माझं घर कसं आहे याची सरकारला फिकीर नाही, संडास कुठे आहे याची मात्र आहे.

सौना बांधून झाली. आपली रीतच ती, आधी सौना, मग घर. शनिवारची वाफ आणि अंघोळ चुकता कामा नये, घर काय, होईल सावकाश. तोवर आम्ही दोघं सौनातच राहतो. लेंपीला सातवा महिना लागला. ती तुला नमस्कार सांगते आणि माझ्या तक्रारी वेगळ्या कळवणार आहे, त्या खऱ्या मानू नकोस.

लोभ आहे तेवढा पुरे, पाव मात्र वाढव.
तुझा धाकटा,
ताइस्तो

पोर्ट आर्थर,
२३ सप्टेंबर १९५६

चि. ताइस्तोस,

अनेक आशीर्वाद. सौ. लेंपीला जप म्हणावं.

तुझं पत्र वाचून मला हसू आलं नाही. परवाना लागत नाही हे वाक्य वाचलं आणि पत्र मिटून ठेवलं. हे ज्या बराकीत जळून गेले, तिलाही परवाना लागत नव्हता. जंगलातली लाकूडतोड्यांची बराक, तिकडे कोण तपासायला जातंय. नंतर सगळे आले, टोप्या काढून उभे राहिले आणि परत गेले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं तू म्हणशील. म्हण.

मी इथल्या नगरपालिकेत गेले. कोर्पीच्या घराला परवाना द्या, लागेल ती फी भरते, असं सांगितलं. कारकून हसत सुटले, परवाना चुकवणारे रोज येतात, मागून घेणारी बाई पहिलीच, म्हणे. बांधकाम तपासनीस बिचारे म्हातारे आहेत, त्यांनी खुर्ची दिली. म्हणाले, नदीच्या या काठाला खिळा ठोकायचा तरी मी लागतो, पलीकडे मला कोणी विचारत नाही आणि मला जाताही येत नाही. तरी धुराडं छपरातून जिथे बाहेर पडतं तिथे लाकूड चिकटलेलं नको, एवढं भावाला कळवा असं म्हणाले.

तेवढं कर. मनाई करणारं कोणी नाही म्हणून मोकळं सुटू नकोस. तिथे काही झालं तर धावून येणारंही कोणी नाही, हे कानामागे टाकू नकोस.

माझ्या काळजीवर रागावू नये, तिच्याखेरीज माझ्याकडे द्यायला फारसं काही नाही.
केर्तु

कोर्पी,
३० डिसेंबर १९५६

ती. अक्कास सा. न.

तू आत्या झालीस हे रुळवाल्यांच्या निरोपाने कळलंच असेल. मुलगी आहे, नाव सायमा. सौनातच झाली, जशी आईने तुला-मला जन्म दिला तशी. नाक तुझं आहे. ओरडणंही तुझंच.

घरावर छप्पर चढलंय. धुराडं तुझ्या म्हाताऱ्या साहेबांच्या आज्ञेप्रमाणे लाकडापासून हातभर दूर ठेवलं, आता तरी झोप लागू दे. पण खिडक्या बसायच्या आहेत, तेव्हा हिवाळा सौनातच काढायचा. इथे काही कमी नाही. भट्टी रात्रंदिवस ढणढणते, बाहेर झाडं थंडीने फुटतात आणि मी आत नुसत्या सदऱ्यावर. भट्टीमागच्या फळ्या पावाच्या सालीसारख्या खरपूस झाल्यात, वासही गोड सुटतो. सायमाचा पाळणा तिथेच टांगलाय.

बाकी सर्व ठीक. भीती जरा कमी कर आणि प्रेम आहे तसं राहू दे.
ताइस्तो

पोर्ट आर्थर,
१८ जानेवारी १९५७

चि. ताइस्तो आणि लेंपी,

आशीर्वाद. घाईत लिहिते आहे, गाडी सुटायला आली.

तुझं पत्र बर्फात अडकून काल मिळालं. तपासनीस साहेब माझ्या खाणावळीत जेवायला येतात, त्यांना कौतुकाने वाचून दाखवलं. मी खरपूस फळ्यांपाशी आले आणि त्यांनी चमचा खाली ठेवला. सौनाची भट्टी शनिवारपुरती असते ना, असं विचारलं. आठवडाभर लाकूड गार होतं म्हणून ते टिकतं. तुम्ही ती महिनोन्महिने पेटती ठेवली आहे. लाकूड आतल्या आत भाजत कोळसा होत जातं आणि मग एक दिवस साध्या उबेनेही पेटतं. गोड वास त्याचाच, असं म्हणाले.

मी इतके दिवस घराची भीती घेऊन बसले रे. घर, घर करत कचेऱ्या झिजवल्या. सौनाचं माझ्या मनातही आलं नाही. सौनाला कधी कोणी परवाना मागतं का?

हे वाचताक्षणी भट्टीमागच्या भिंतीवर तळहात ठेव. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना पूर्ण म्हणून होईपर्यंत हात टिकला नाही, तर पोरीला उचलून बाहेर पडा आणि मग भट्टी विझवा. हसण्यावारी नेऊ नकोस, तुझ्या पाया पडते. मीच आले असते, पण आज बर्फ सारणारं इंजिन आणि टपालाचा डबा एवढंच जातंय.

केर्तु

पोर्ट आर्थर,
२१ जानेवारी १९५७

चि. ताइस्तो,

शुक्रवारशिवाय गाडी नाही हे माहीत असून लिहिते आहे. नुसतं बसवत नाही.

शनिवारच्या परतीच्या गाडीने तुझी ओळही आली नाही. आज रुळांवरचा एक कामगार जेवायला आला होता. कोर्पीच्या बाजूला शनिवारी काळा धूर दिसला, असं तो दुसऱ्याला सांगत होता. मी वाढत होते. कुणाच्या जागेतून, एवढंच विचारायचं होतं. ताटं उचलून आत आले आणि मोरीपाशी उभी राहिले.

मला कळव रे. कोणीतरी कळवा.

कोर्पी,
२२ जानेवारी १९५७

ती. वन्सं यांस,

लेंपीचा सा. न. वि. वि. आधी हे वाचावं: आम्ही तिघंही जिवंत आहोत. यांच्या हाताला पट्टी आहे म्हणून मी लिहिते. रुळवाल्यांच्या ट्रॉलीवरून पत्र पाठवते आहे.

तुमचं पत्र शनिवारी सकाळी हाती आलं. हे हसले. अक्काने आता सौनालाही सोडलं नाही, म्हणाले. मला चिडवायला म्हणून मोठ्याने प्रार्थना म्हणत भिंतीवर हात ठेवला. दुसऱ्याच ओळीतल्या ‘तुझे नाव’ इथपर्यंत आले आणि हात मागे घेतला. मग कोणी हसलं नाही. मी सायमाला गुंडाळून कणकेच्या परातीत घालून बाहेर काढलं. यांनी एक फळी उपटली, तिची पाठ कोळशासारखी काळी होती. आत वारा शिरला आणि लाल ठिणग्या धावत वर गेल्या. आम्ही फावड्याने बर्फ फेकत राहिलो, पण तासाभरात सौना गेली. पाळण्याचे आकडे तेवढे राखेत मिळाले.

शेजारच्या म्हाताऱ्या नुर्मींकडे आलो आहोत. घराच्या खिडक्यांना फळ्या ठोकून झाल्या, चूल मांडून तयार आहे, पण हे ती पेटवत नाहीत. काडी काढतात आणि परत ठेवतात. नुर्मी म्हणाले की चूल चांगली आहे, तरी नाही. यांचं म्हणणं, अक्का येऊन भिंतीला हात लावेल आणि हो म्हणेल तेव्हाच पेटवायची. वन्सं, हे चेष्टेत बोलत नाहीत. मी यांना असं कधी पाहिलं नाही.

तुमची माया आहे म्हणून आम्ही आहोत, आणखी काय मागू?
लेंपी

पोर्ट आर्थर,
२४ जानेवारी १९५७

चि. सौ. लेंपीस,

अनेक आशीर्वाद. काल तुझं पत्र मिळालं. पदार्थ करपले, जेवणाऱ्यांनी तसेच खाल्ले.

ताइस्तोला सांग, येते. माणसांचा डबा पुढच्या शुक्रवारी लागणार आहे, त्याने. तपासनीस साहेबांकडून सगळं समजून घेतलंय, धुराडं, छप्पर, चुलीखालची फरशी. चला म्हटलं, तर त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, नदीपलीकडे मी कोणी नाही.

एक खरं सांगू? मला भीती वाटते. इतके महिने मी कचेऱ्यांना शिव्या दिल्या, कोणी सही करत नाही म्हणून. आता तीच सही तुम्ही माझ्याकडे मागता आहात. हो म्हणायचं म्हणजे काय, ते मला आज कळलं. मी हो म्हणेन, तुम्ही पोरीला तिथे झोपवाल, आणि मी गाडीत बसून इकडे निघून येईन. मला ते जमणार नाही.

म्हणून माझंही अंथरूण घाला. भिंतीला हात लावून पाहीन, चूल मीच पेटवीन, आणि पहिल्या रात्री चुलीमागच्या भिंतीला पाठ लावून मी झोपेन. सायमाला दाराजवळ ठेवा.

वेलचीचे पाव आणते आहे. भेटीपर्यंत लोभ शिल्लक ठेवा.
केर्तु