तीनच रोपं, कायद्याप्रमाणे

१२ एप्रिल, सकाळी ७.१०
निवृत्तीचा अकरावा दिवस. माझी बायको रोझविटा म्हणते, नुसता घरात घुटमळतोस, त्यापेक्षा गुरुवारी माझ्याबरोबर नाचाच्या क्लासला चल. पंचवीस वर्षं हा विषय शिताफीने टाळला. आता ऑफिसचं कारणही उरलं नाही. म्हणून जाहीर करून टाकलं, मला वेळ नाही, मी बाल्कनीत गांजा लावणार आहे. आता जर्मनीत चालतं. तीन रोपं. वाचलंय मी.

ती इतकी हसली की कॉफी सांडली. म्हणाली, ‘एकार्ट, तुझ्या हातात प्लॅस्टिकचं फूलसुद्धा वाळेल रे.’ पैज लागली. ऑक्टोबरपर्यंत माझ्या रोपांना कामाची फुलं आली, तर नाचाचं नाव काढायचं नाही. नाही आली, तर दर गुरुवारी मी हजर.

घाबरतो की काय! एकतीस वर्षं लिफ्ट तपासल्यात. रोप म्हणजे तरी काय, खालून वर जाणारी गोष्ट.

१५ एप्रिल
दोन प्रकारची पाकिटं. एकावर ‘फक्त मादी’, दुसऱ्यावर ‘नियमित’. मी जन्माचा नियमित माणूस. प्रश्नच नव्हता. दुकानातली बाई काहीतरी समजावायला लागली, तिला हातानेच थांबवलं.

२६ एप्रिल
पाचांतल्या चार बिया फुटल्या! चार कुंड्या, क्रमांक १ ते ४. स्वतंत्र रजिस्टर घातलं.

६ मे
शेजारचे विबुश, टोमॅटोवाले, कठड्यावरून म्हणाले, ‘ती थंडीवाली सोफी उलटून जाऊ द्या हो, मग काढा बाहेर.’ संत सोफीचा दिवस पंधरा मेला. तोवर इथे कोणी मिरचीचं रोपही उघड्यावर ठेवत नाही. मी म्हटलं, मी तांत्रिक माणूस, हवामान संतांना विचारत नाही. कुंड्या बाहेर.

१२ मे, पहाटे ५
पारा शून्यावर. चौघांनी माना टाकल्या. रोझविटाच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी होती, ती हळूच काढून कुंड्यांच्या मधोमध ठेवली. ती जागी झाली. जे बोलली ते नोंदवत नाही.

१३ मे
चारही वाचली. पंधरा तारखेपर्यंत घरात ठेवतोय. सोफीचा काही संबंध नाही.

२० मे
खताच्या बाटलीवर लिहिलंय, आठवड्याला एक झाकण. निवृत्त माणसाला आठवडा केवढा मोठा असतो हे त्यांना काय माहीत! रोज एक झाकण.

२४ मे
पानांची टोकं करपली. ऊन.

१ जून
मोठा दिवस. तीनच ठेवता येतात, आहेत चार. टेपने उंची घेतली. १, २, ३ ताडमाड. ४ बुटकी, गबदुल, कसली महत्त्वाकांक्षाच नाही. उपटून ओल्या कचऱ्याच्या डब्यात.

रोझविटा म्हणाली, ‘अरे, जिवंत आहे ती!’ म्हटलं, कायदा म्हणजे कायदा. तर म्हणते, ‘पूर्ण वाचलास का?’ मला विचारते! पहिली ओळ वाचली की मला पुढचं कळतं.

३ जून
रोपं मुलांच्या हाती लागू नयेत असाही नियम आहे. आमच्या मजल्यावर वयाने सगळ्यांत लहान विबुश, चौसष्ट वर्षांचे. तरी बाल्कनीला कुलूप घातलं. चावी गळ्यात. रोझविटा दिवसातून दोनदा मागते, कपडे वाळत घालायला. दोन माणसांचे एवढे कपडे येतात कुठून? स्टँडमागे तिने एक जुनी बादलीही आणून ठेवलीय. असेल काहीतरी तिचं. मला वेळ नाही.

१५ जुलै
क्र. २ माझ्यापेक्षा चारच सेंटिमीटर कमी. फ्रिजवरची नाचाच्या क्लासची जाहिरात काढून टाकली. संध्याकाळी परत लागली होती.

४ ऑगस्ट
कळ्या!! तिन्ही रोपांवर बारीक गोळ्यांचे घोस. जिंकलो! रोझविटाला हाताला धरून आणलं. चष्मा लावून बराच वेळ बघत होती. म्हणाली, ‘छान. तिघंही तुझ्यावर गेलीत.’ कौतुकच असणार.

११ ऑगस्ट
सगळीकडे पिवळी धूळ. धुतलेल्या चादरींवरसुद्धा. विबुश शिंकत बाहेर आले, रोपांकडे पाहिलं आणि कठडा धरून हसत सुटले. ‘अहो साहेब, हे तिघंही बाप्ये आहेत! गांजा मादीच्या फुलांचा होतो, यांचा काय उपयोग?’ म्हटलं, शक्य नाही, पाकीट नियमित होतं. तर म्हणाले, ‘नियमित म्हणजे त्यात दोन्ही निघतात हो! आणि नर आधी उंच होतात. तुम्ही उंच बघून ठेवले ना?’

तिघांना कापलं. रजिस्टरमध्ये लिहिलं, बियाणं सदोष.

२८ सप्टेंबर
रोझविटाने मला बाल्कनीत बोलावलं आणि स्टँडवरची चादर बाजूला केली. बादलीत क्र. ४. कमरेएवढी, फुलांनी लगडलेली.

मी ओरडलो, अगं, चौथं रोप! म्हणजे जूनपासून ऑगस्टपर्यंत घरात चार! बेकायदा! तिने ॲप्रनच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. छापील कायदा. पेन्सिलने रेघ मारली होती, ‘प्रत्येक सज्ञान व्यक्तीला’ तीन. म्हणाली, ‘या घरात सज्ञान माणसं दोन आहेत, एकार्ट. लिफ्टमध्ये किती माणसं मावतात ते एकतीस वर्षं मोजलंस. घरातली मोजायची राहिली.’

मी म्हटलं, बी माझंच होतं, म्हणजे पैज मी जिंकलो. ती म्हणाली, ‘टाकून दिलंस ना? मग ते तुझं नाही.’ फुलांत सगळ्या बियाच बिया, म्हणजे तीही कामाची नव्हेत. माझ्या तिघांच्या पिवळ्या धुळीची कृपा. हिवाळ्यात पाखरांना घालू म्हणाली.

रागावली असती तर बरं झालं असतं. कागदाची घडी करून कपडे काढायला लागली. खूप वाईट वाटलं. चावी गळ्यातून काढून तिच्या हातात दिली. तर हिच्याकडे जूनपासून दुसरी होती.

९ ऑक्टोबर, गुरुवार
गेलो. वॉल्ट्झ. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, काही अवघड नाही, फक्त तीनपर्यंत मोजायचं. मनात म्हटलं, यात माझा हात कोण धरणार! एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. चौथ्या फेरीला रोझविटाच्या अंगठ्यावर पाय दिला, सगळा भार टाकून. ती कळवळली, पण हात सोडला नाही. कानाशी म्हणाली, ‘दोघं आहोत रे इथे.’

उद्या नाचाचे बूट घ्यायचे. दोन जोड.