जुना ऑटोपायलट काढल्यावर

सोमवार, ३ मार्च

पोचलो एकदाचा! ताई म्हणाली होती, घराबाहेर पड, जरा हवा लागू दे. इथे हवेला तोटा नाही. धावपट्टीच्या कडेला उभं राहिलं तर डोक्यावर टोपी टिकत नाही. खोली हँगरच्या मागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर. एक पलंग, एक खिडकी, चहापुरती शेगडी. एका माणसाला पुरे. हे लिहितानाही हात अडखळला. बायको जाऊन आठ महिने झाले, तरी मी अजून दोघांपुरती भाजी आणतो आणि मग दोन दिवस तीच खातो.

हँगरचे मोठे मिस्त्री झकास माणूस आहेत. स्वतःला कमी ऐकू येतं म्हणून सगळ्यांशी ओरडून बोलतात, आणि वर आम्हालाच म्हणतात की तुम्ही पुटपुटता. काम लगेच दाखवलं. चार माणसांचं, एका पंख्याचं, चाळीस वर्षांचं विमान. त्यातला जुना ऑटोपायलट काढून नवा बसवायचा. माझ्यासाठी हातचा मळ.

बुधवार, ५ मार्च

विमानाच्या मालकीणबाई आल्या होत्या. सगळे त्यांना पायलटबाई म्हणतात. पस्तिशीच्या असतील. डाव्या पायाने किंचित लंगडतात, मोजकं बोलतात, पण बोलल्या की बरं वाटतं. बरोबर सात वर्षांची लेक, चिंगी. तिने पाच मिनिटांत माझी उलटतपासणी घेतली: वय किती, दात खरे का, विमान मला चालवता येतं का. नाही म्हटल्यावर मग मी इथे काय करतो, असं विचारलं. नवा ऑटोपायलट बसला की आई तिला पहिल्यांदा वर नेणार आहे. तोवर नाही, असं पायलटबाईंचं वचन आहे म्हणे.

जुनं यंत्र म्हणजे साधा प्राणी. उंची-बिंची त्याला कळत नाही. पंख सपाट ठेवायचे, दिलेली दिशा सोडायची नाही, बस्स. पंखांकडे जाणाऱ्या तारेला एक लहानशी मोटर जोडलेली आहे. ती तार ओढते, तसे समोरचे दोन्ही योक, म्हणजे विमानाची स्टिअरिंग, आपोआप जरा डावीकडे, जरा उजवीकडे वळतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला गंमत वाटते.

शुक्रवार, ७ मार्च

आज डबा खाताना मोठ्या मिस्त्रींनी या विमानाची हकिगत सांगितली. सांगताना त्यांचाही आवाज पहिल्यांदाच खाली आला.

हे विमान पायलटबाईंच्या वडिलांचं. त्या अकरा वर्षांच्या असताना ते त्यांना घेऊन वर गेले. वर गेल्यावर ऑटोपायलट लावला आणि थोड्याच वेळात त्यांचं हृदय बंद पडलं. बसल्या जागी गेले. एक हात योकवर अडकून राहिला. मोटर योक हलवत होती, त्याबरोबर हातही हलत होता. पोरीला वाटलं, बाबा विमान चालवतायत, आपल्यावर रागावलेत म्हणून बोलत नाहीत. सव्वादोन तास ती त्यांची समजूत काढत होती. शाळेतलं सांगितलं, गाणी म्हटली, माफी मागितली. तेल संपल्यावर विमान तसंच सरळ, तरंगत एका पडीक शेतात उतरलं. तिचा पाय मोडला. विमान दुरुस्त करून घेतलं, पण जुनी मोटर तिने कुणाला काढू दिली नाही. आज चोवीस वर्षांनी माझ्याकडून काढून घेतेय.

माझा डबा तसाच राहिला. त्या पोरीची माफी मनातून जात नाही.

सोमवार, १० मार्च

जुनं सगळं बाहेर काढलं. मोटर, तिची तार, मागचा डबा, जुन्या वायरींचं जाळं. पायलटबाई मोटर हातात घेऊन बराच वेळ उभ्या होत्या. मग विचारलं, आता याचा काहीच भाग आत उरला नाही ना? एक स्क्रूसुद्धा नाही, मी म्हटलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

मंगळवार, ११ मार्च

दुपारी तीनला योक हलला.

बॅटरी काढून बाकावर ठेवलेली. हँगरची दारं बंद, वाऱ्याची झुळूक नाही. पंखापाशी कुणी नाही. मी सीटखाली पालथा पडून वायरी बांधत होतो. वर पाहिलं तर योक जरा डावीकडे गेला, थांबला, जरा उजवीकडे आला. दोन्ही बरोबरच. योक अडकवून ठेवायची खीळ घातली. पाठ वळवून पक्कड घेईपर्यंत खीळ सीटवर पडलेली.

सव्वापाचला थांबलं. सव्वादोन तास.

मोठ्या मिस्त्रींना सांगितलं नाही. बायको गेल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही असं जुन्या नोकरीत म्हणत होते. इथेही तेच सुरू व्हायला नको.

बुधवार, १२ मार्च

आजही तीनला. आज मी हात ठेवला.

मोटर हिसके देते; तीस वर्षं हेच करतोय, मला कळतं. हे तसं नाही. यात माणसाच्या हाताचा भार आहे. दमलेल्या, पण जपून चालवणाऱ्या माणसाचा. अंगावर काटा आला तरी मी हात काढला नाही. रडलो. माझ्या माणसाने असं काही मागे ठेवलं असतं तर मी त्यावरून हात कधी काढला असता का?

शनिवार, १५ मार्च

नवा ऑटोपायलट बसला. जमिनीवरच्या सगळ्या चाचण्या झाल्या.

पायलटबाईंना सांगून टाकलं. वाटलं, वेड्यात काढतील. त्या नुसत्या खाली बसल्या. म्हणाल्या, चोवीस वर्षं एकच विचारतेय. मला त्या मोटरने आणलं की बाबांनी? मोटर आत असेपर्यंत कळायला मार्ग नव्हता. म्हणून काढायला लावली. नवा ऑटोपायलट हे निमित्त.

मी सही द्यायला नको होती. माझ्या सहीशिवाय विमान हलत नाही. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि सही केली. त्यांच्या जागी मीही हेच मागितलं असतं. देवा, चुकलो का मी?

रविवार, १६ मार्च, सकाळी १०.४०

हवेत आहोत. चाचणीचे आकडे लिहायला हीच वही आणली. चिंगीने बरोबर यायचा हट्ट धरला होता. चाचणीला मूल नेत नाहीत म्हणून मी तिला उतरवलं. मोठ्या मिस्त्रींबरोबर कुंपणाशी उभी आहे.

नवा ऑटोपायलट उत्तम. दिशा बरोबर, उंची बरोबर.

१०.५५

पायलटबाईंनी ऑटोपायलट बंद केला. योकवरून हात काढले. मलाही काढायला सांगितलं.

योक हलतोय. विमान सरळ चाललंय.

त्या हसतायत. डोळ्यांतून धारा. बाबांनी आणलं, बाबांनीच आणलं, एवढंच म्हणतायत.

११.२०

आता वळू या म्हटलं. दोनदा. ऐकत नाहीत. शाळेतलं काहीतरी सांगतायत बाबांना. आवाज लहान मुलीसारखा —

११.३५

मी वळवायला गेलो. वळत नाही. दोन्ही हातांनी, पाय टेकवून. नाही. इंजिनाची दांडी मागे ओढून जोर कमी केला तर ती माझ्या हाताखालून परत पुढे. बटणं सगळी बंद. नवं यंत्र मेलेलं आहे, तरी —

हे धरून ठेवणारं वाईट नाही. तेच तर. त्याला फक्त सरळ नेता येतं. उतरायचं त्याच्या हातून राहूनच गेलं.

११.५०

खाली शेतं संपली. पुढे पाणी. नुसतं पाणी.

तेल तासाभराचं असेल. कमीच.

११.५८

रेडिओवर मोठे मिस्त्री ओरडतायत. मग चिंगी. आई कधी येणार विचारते. आई रागावलीस का, म्हणते. बोल ना, म्हणते. मी आता हट्ट नाही करणार —

पायलटबाई गप्प झाल्या. एकदम.

१२.०१

त्यांनी योक धरला. मीही धरलाय, एका हाताने. वळत नाही. त्या ओरडत नाहीत. हळू, समजावून सांगतायत. बाबा, मी मोठी झाले. बाबा, माझी मुलगी खाली आहे. बाबा, सोडा आता —

किंचित. डावीकडे किंचित गेला का? नाही. परत सरळ.

बाबा सोडा. बाबा सोडा ना. ते अजून घट्ट, तिला सांभाळायलाच ते अजून —