अजून थोडा रंग

बुधवार, ९ एप्रिल

संपतने गोळ्याचा बर्फ किसायचा रंधा सोडला! वर्षभर या यात्रेची वाट बघायची, आणि हे. गाडीवर मोठा फलक — 'स्नो कोन'. बर्फ टाकला, खटका दाबला, घर्रर्र — चुरा कागदी कोनात, वर कालाखट्टा, चला पुढचा. मी कोन हातात घेऊन वेड्यासारखी तिथेच उभी. म्हणाला, "अजून काय पायजे?"

काय सांगू!

गुरुवार, १० एप्रिल

माझी मैत्रीण समृद्धी म्हणते, "दोन्ही बर्फच की गं." नाही!! रंध्यावरचा कीस मऊ असतो, रंग धरून ठेवतो. काडीवरचा गोळा चोखून पांढरा पडला की गाडीवर परत जायचं, "अजून थोडा रंग" म्हणायचं. त्याचे कोणी वेगळे पैसे घेत नाही. मी एका गोळ्यावर तीन-चारदा जायचे. दर वेळी दोन शब्द जास्त बोलायचा तो. हसायचा.

चुऱ्यातून रंग सरळ तळाला जातो. वर नुसते खडे. संपला की कोन फेकायचा, घरी जायचं. मला परत जायला कारणच उरलं नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

महाळुंगे पडवळहून पाहुणे बघून गेले. मुलगा चाकणला कंपनीत आहे. शांत वाटला, नावं ठेवण्यासारखं काही नाही. आई म्हणाली, "रविवारी हो कळवायचं. तुजं काय म्हणणं हाय?" मी म्हटलं, तुला वाटेल ते कर. संपतला मी नकोच आहे. नाहीतर मशीन कशाला आणलं असतं?

शुक्रवार, १८ एप्रिल

यात्रा संपली, संपतची गाडी आता एसटी थांब्यावर. तो एकटाच होता. धीर करून विचारलं — रंधा कुठंय?

"हाय की गाडीखाली."

मग हे मशीन कशाला?

बर्फाकडे बघत बोलला, "तू लई वेळ उभी राहायचीस. लोक बोलाय लागले व्हते. तुजं लगीन जमायचंय... कोन घेतला की माणूस निघून जातं. म्हणून आणलं."

माझ्यासाठी! आणि मी काय समजून बसले होते. घरी येईपर्यंत रडू आवरेना. त्याच्याशी बोलायचं आहे. रोज. उगीच काहीबाही बोलायचं आहे.

शनिवार, १९ एप्रिल

जेवण गेलं नाही. उद्या रविवार.

रविवार, २० एप्रिल

थांब्यावर वऱ्हाड उतरलेलं, आमचं निम्मं डिंगोरे गाव तिथे. आई शेजारीच. "घरी गेल्यावर फोन करते पावण्यांना," म्हणत होती. मी कोन संपवला आणि परत गाडीवर गेले. सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हटलं — "संपत, रंधा काढ. मी थांबते."

त्याने काढला. मी तीनदा रंग मागितला.

आईने फोन केला नाही. पाहुण्यांना आता कोणीतरी सांगेलच.