रोन्या ग्लायडरमधून उतरली

ब्रेमेन, ६ एप्रिल

चि. रोन्यास गुड्रुनमावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून डोक्याला हात लावला. क्लबात हिवाळाभर ग्लायडरचे पंख घासून घेतले, हँगरची शेड झाडायला लावली, उडायला मात्र चिमूटभर मिळालं, म्हणून तू ग्लायडर सोडून थेट वैमानिकांच्या शाळेत जाणार म्हणे! माहितीपत्रकातली पांढऱ्या शर्टातली पोरं बघून भुललेली तू काही पहिली नाहीस.

पुन्हा सांगते, आणि हे शेवटचं. (दर पत्रात असंच म्हणते, ठाऊक आहे.) आधी डॉक्टरांकडून डोळे, कान, हृदय तपासून घे. शाळेत नाव घातल्यावर डोळ्यांत दोष निघालेली माणसं मी पाहिली आहेत. दुसरं एखादं काम शिकून ठेव, कारण विमान कंपन्या माणसं हौसेनं घेतात आणि तितक्याच सहज घरी पाठवतात. आणि ग्लायडर सोडू नकोस. इंजिन नसलं की माणूस हवेशी नीट वागायला शिकतो. मी जन्मभर मोठी विमानं उडवली, पण माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे ज्या दिवशी मी उडायला नको म्हटलं, ते. नाही म्हणता येत नसेल तर या धंद्यात पडू नकोस.

मेमध्ये एकटीनं उडून दाखव, मग तुझ्या आईचं मी बघते.

कटकटी असली तरी मावशी तुझीच आहे, पत्र धाडत जा.

तुझी,
गुड्रुनमावशी

टुटलिंगन, २७ एप्रिल

ती. गुड्रुनमावशीस रोन्याचा सा. न. वि. वि.

तपासणी झाली. डोळे, कान, हृदय ठणठणीत आहेत. बिघडलंय ते फक्त डोकं, तुझे उपदेश वाचून. त्यात आई रोज न्याहारीला पावाला लोणी लावता लावता बँकेचा विषय काढते. गावातल्या बँकेत तिनं माझ्यासाठी शिकाऊची जागा धरून ठेवली आहे. मेअखेर एकटी उडाले नाही तर मुकाट्यानं तिथं जायचं. उडाले तर काय, असं विचारलं की म्हणते, बघू. तिचं बघू म्हणजे नाही, हे तुला सांगायला नको.

आमचे शिक्षक एकार्ट म्हणाले की १० मेला, शनिवारी, ते मागच्या सीटवरून उतरतील आणि मी एकटी जाईन. खाली आले की क्लबातला प्रत्येक जण बुडावर एक फटका देणार, म्हणजे म्हणे बूड हवेचा चढउतार ओळखायला शिकतं! वर काटेरी फुलांचा गुच्छ. हा रानटीपणा तुझ्या वेळीही होता का? तू ये. तू असलीस की आई निदान चारचौघांत मला बोलत नाही.

रागव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
रोन्या

ब्रेमेन, १२ मे

चि. रोन्यास आशीर्वाद. आज एवढेच.

अख्खा जर्मनी ओलांडून मी आले. तुझ्या आईनं, हेल्गानं, साऱ्या क्लबाला पुरेल एवढं बटाट्याचं सॅलड केलं. गुच्छासाठी काटेरी फुलं तोडताना कुणाचा तरी हात सोलून निघाला. आकाश स्वच्छ, वारा नावाला, एकार्ट उतरलेले, आता ग्लायडर वर ओढणारा दोर तेवढा अडकवायचा. आणि तू काच उघडून बाहेर आलीस, म्हणालीस आज नको. का, विचारलं तर म्हणे, असंच!

मी शरमेनं मेले. तुझी आई गाडीत चकार शब्द बोलली नाही. तिलाही लाजच वाटली असणार. भीती वाटत असेल तर तसं सांग. बँकेत काही वाईट नाही. पण आता तुझ्या आईसमोर मी कुठल्या तोंडानं तुझी बाजू मांडू?

तुझी,
मावशी

टुटलिंगन, १५ मे

ती. मावशीस सा. न. वि. वि.

धन्य आहेस! जन्मभर नाही म्हणायला शिकवलंस आणि मी म्हटलं तर तुलाच शरम वाटली.

आत बसून मी उडण्याआधीच्या तपासणीची यादी म्हणत होते. पट्टे, सुकाणू... आणि मध्येच मला क्लबातल्या कुणाचा तरी रोखलेला कॅमेरा दिसला, तू दिसलीस, आई दिसली, आणि पुढचं आठवेना. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथंच अडले. डोकं ठिकाणावर नव्हतं, म्हणून उतरले. तुम्हा सगळ्यांसमोर हे सांगायला मला जड गेलं. एकार्टनी ग्लायडर बाजूला ढकलायला हात लावला.

परवा मंगळवारी संध्याकाळी मी एकटी उडाले. बघायला कुणी नव्हतं. छान उतरले. तू नव्हतीस याचं वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, बघू.

तुझी (अजूनही),
रोन्या

टुटलिंगन, २० मे

ती. गुड्रुनताईस हेल्गाचा सा. न. वि. वि.

तू रोन्याला काय लिहिलंस ते तिनं मला वाचून दाखवलं. कमाल आहे तुझी! माझ्या मनात काय चाललंय ते मला न विचारताच ठरवून मोकळी होतेस, लहानपणापासून.

बँकेत फोन करून ती जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगितलं. वैमानिकांच्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेला रोन्या सप्टेंबरमध्ये बसेल. हे मी मंगळवारी ठरवलं नाही, ताई, त्या शनिवारीच ठरवलं, ती सगळ्यांदेखत काच उघडून खाली उतरली तेव्हा. मला विमानाची भीती कधीच नव्हती. मला वाटायचं, ही तुझ्यासाठी, चार लोकांच्या टाळ्यांसाठी उडेल आणि एक दिवस परत येणार नाही.

गाडीत मी लाजेनं गप्प नव्हते. पोर उडणार म्हटल्यापासून पहिल्यांदाच जिवाला स्वस्थ वाटत होतं, आणि तू सारखी बोलत होतीस.

धाकटीवर लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
हेल्गा