पांढऱ्या कापडाखाली

प्रिय निदिया,

तुझ्यासमोर उभं राहून मला हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. तुझ्या लेकाबद्दल, यादेरबद्दल आहे. वाचून झाल्यावर आपली मैत्री ठेवायची की मोडायची, ते तूच ठरव.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात मी नेहमीप्रमाणे गुळाच्या पाकातले आंबे घेऊन राजधानीत, मानाग्वाला, बहिणीकडे बसने निघाले. तुझा यादेर स्टँडवर सोडायला आला. हातात टोपली, तिच्यावर इस्त्रीचं पांढरं कापड. "मावशी, मक्याची बिस्किटं आहेत, एवढी तिथल्या माझ्या मित्राला पोचवा ना." मी म्हटलं, "तिकडे दुकानं नाहीत का रे?" तर गालाला गाल लावून म्हणाला, "दुकानात तुमचा आशीर्वाद कुठे मिळतो?" त्याच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून मीच त्याला हातात धरलं होतं. विरघळलेच मी.

नाक्यावर पोलिसांनी सगळ्यांच्या पिशव्या उपसल्या. माझ्या गळ्यातला क्रूस पाहून त्या पोरसवदा शिपायाने टोपी काढली. "बसा आजी, तुमचं काय तपासायचं!" मी सुखावले.

मग ऊन चढलं आणि टोपलीतून बडीशेपेच्या दारूचा वास येऊ लागला. त्याच्या आडून घाणीचा. शेजारच्या सीटवरची बाई नाक दाबून म्हणाली, "तुमची बिस्किटं कुजली वाटतं." मी कापड उचललं. बिस्किटांच्या एका थराखाली बायकांचे जुने पायमोजे, आणि गाठ मारलेल्या प्रत्येक मोज्यात पोपटाचं एक पिल्लू. ओरडू नयेत म्हणून दारू पाजलेली. अंगावर धड पिसं नाहीत, चोचींना वाळलेला फेस. एक सोडून सगळी मेलेली. ते एक माझं बोट चोचीत धरून खायला मागत होतं. ती शेजारची बाई म्हणते, "अय्या, जिवंत आहे! विकता का? नातीला बोलका पोपट हवाय." मी खिडकीतून ओकले.

पक्षी वाचवणाऱ्यांकडे नेलं, तरी तेही गेलं.

आठवतं तुला, मठाच्या शाळेत संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी पोपट जोडीजोडीने डोक्यावरून जायचे? सिस्टर बेनिग्ना हात वर करून म्हणायच्या, "थांबा मुलींनो, आधी त्यांची होऊ दे." आता त्याच अंगणात उभी राहते, तर वर नुसतं आभाळ.

परतल्यावर मी यादेरला गाठलं. म्हणाला, "अहो, थोडी मरणारच, ते धरूनच चालतो आम्ही." घरटं होतं त्या झाडाचं काय केलं, विचारलं. "तोडलं. एवढ्या उंच चढणार कोण?" वर हसला. "गेल्या वर्षीही अशीच टोपली नेलीत, तेव्हा बरं काही बोलला नाहीत! मावशी, तुमच्यासारखा चेहरा पैसे देऊन मिळत नाही."

निदिया, तेव्हापासून आरशात पाहिलं की मला किळस येते. या चेहऱ्याने त्याचे पापे घेतले होते.

आज दुपारी त्याचा फोन आला. "मावशी, जाऊ द्या ना आता." मागून तू त्याला जेवायला हाक मारत होतीस. म्हणजे तो तुझ्याकडे आहे. मी तशीच चौकीवर गेले, जबाब दिला, सही केली, तुझा पत्ताही सांगितला. हे तुला शेजाऱ्यांकडून कळू नये, एवढंच मला वाटत होतं. म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकलं नाही. ज्याने ते तुझ्या हातात दिलं, तो यादेरला न्यायला आलाय. यादेरला मागच्या दाराने जाऊ देऊ नकोस. मी कोपऱ्यावरच्या चर्चच्या पायरीवर बसले आहे. शिव्या द्यायला का होईना, ये.

तू नाही म्हणालीस तरी तुझीच,
आयदे