साडीच्या खोक्यावरचा कीबोर्ड

॥ श्री ॥

डोंबिवली (पूर्व)
दि. ६ जानेवारी २०२५

चि. ऋजुतास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

परवा तुझा फोन वाजत होता हे मला शेजारच्या गंगुबाईंनी दार ठोठावून सांगितलं. माझे कान आता नावापुरते उरलेत. तू ओरडून विचारतेस, मी ओरडून सांगतो आणि आख्ख्या मजल्याला आपल्या घरची खबर फुकटात मिळते. तेव्हा तू हॉस्टेलला असताना चालायचं तसं पत्रच बरं.

बातमी अशी की माझा कॉम्प्युटर गेला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि डॉक्टर लोक बाहेर येऊन करतात तसा चेहरा केला. त्याचे भाग आता मिळत नाहीत म्हणे. नवा घेता येईल, पण माझं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर त्यावर चढत नाही. रिटायर होताना हौसेने विकत घेतलेलं, माझ्या मालकीचं समजत होतो. आता ती कंपनी विकतच नाही, वर्षाच्या वर्षाला भाड्याने देते. या वयात भाडेकरू व्हायचं मला जमायचं नाही.

साईनाथला सांगून टाकलं, की बाबा, दुसरा माणूस बघ. साईनाथ म्हणजे तो मोहने गावचा, एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे तो. त्याची गेटं, ट्रॉल्या, जिने, सगळी ड्रॉइंग मीच करत आलो. बिचारा तोंड पाडून बसला. काका, कागदावर हाताने काढून द्या, तेही चालेल म्हणाला. पण आता रेघ सरळ येत नाही ग.

तुझी मामी जाऊन तीन वर्षं होतील. सकाळी चहा घेऊन टेबलाशी बसायचं, एवढं एक राहिलं होतं. आता चहा घेतो आणि कप हातात धरून कुठे बसावं ते कळत नाही. असो. तुझ्या आईला हे सांगू नकोस, लगेच डबा घेऊन धावत येईल.

लोभ आहेच, तो असाच राहू दे. आवाज मात्र कमी कर.

तुझा,
सुधीरमामा


कोलशेत, ठाणे
११ जानेवारी २०२५

ती. स्व. सुधीरमामास ऋजुताचा सा. न. वि. वि.

मामा, तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, ड्रॉइंगवरच्या मजकुरासारखं, प्रत्येक अक्षर मोजून मापून. मी जिन्यातच उभी राहून वाचलं आणि सॉरी, आईला सांगितलं. डबा येणार. मी थांबवू शकत नाही.

आता माझं ऐक. भाड्याची गरजच नाही. ड्रॉइंगचं फुकट सॉफ्टवेअर असतं, आणि फुकट म्हणजे चोरीचं नाही हां, तू लगेच भुवया वर करशील म्हणून सांगते. जगभरातले लोक आपापल्या वेळात ते लिहितात आणि सगळ्यांना देऊन टाकतात. त्याच्या आत काय आहे ते बघता येतं, हवं तसं बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं. आमचं ऑफिस गेल्या वर्षी त्याच्यावरच गेलं. पहिला महिना सगळ्यांनी मला शिव्या घातल्या, आता कुणाला जुन्याची आठवणही येत नाही.

तुझ्या कॉम्प्युटरची डिस्क शाबूत असणार, ती काढून ठेव, आठवड्यात येऊन घेऊन जाते. आमच्याकडे एका मशीनवर जुनं अजून आहे, त्यावरून तुझी सगळी ड्रॉइंग मी दोन्हीकडे उघडतील अशा फाईलींत उतरवून घेते. पुढच्या रविवारी माझा जुना लॅपटॉप घेऊन येतेय. नाही म्हणायचं नाही.

मामी गेल्यावर तू कित्येक महिने अंघोळीलासुद्धा वेळेवर उठत नव्हतास. तुला उठवलं ते आईने नाही, मी पण नाही, त्या साईनाथच्या गेटांनी. ते काम मी बंद पडू देणार नाही. बस्स.

माझ्यावरचा राग दोन दिवसांत संपव आणि लोभ चालू ठेव.

तुझी,
ऋजुता


डोंबिवली
दि. २७ जानेवारी २०२५

चि. ऋजुतास अ. उ. आ., वि. वि.

तुझा लॅपटॉप आणि तुझं ते मोकळं सॉफ्टवेअर दोन्ही कपाटात ठेवलं आहे. येशील तेव्हा घेऊन जा.

रागावून लिहीत नाही. तू दिवसभर खपलीस, माझी जुनी ड्रॉइंग खरोखरच त्यात उघडली, ते पाहून बरंही वाटलं. मराठी टिपांच्या जागी चौकोन आलेत, तेही मी चालवून घेतलं असतं. पण माझे हात चालत नाहीत त्याचं काय करू? उजवा हात माउसवर, डावा कीबोर्डवर, असं इतकी वर्षं केलं. एल म्हणजे रेघ, सी म्हणजे वर्तुळ, हे मला आठवावं लागत नाही, बोटांनाच माहीत असतं. इथे प्रत्येक कामाला वेगळीच अक्षरं. एक चौकट काढायला सकाळ गेली आणि तीही तिरपी. डावा हात कुणा परक्याचा असल्यासारखा वाटायला लागला.

साईनाथला कॅन्टीनच्या ट्रॉलीचं ड्रॉइंग हवं आहे. शिवरात्रीपर्यंत थांबतो म्हणाला. त्याचं गिऱ्हाईक थांबणार आहे थोडंच! त्याने दुसरा माणूस बघावा हेच बरं.

तुझ्या आईच्या डब्यातली वालाची उसळ उत्तम होती. तिला सांग, पुढच्या वेळी मीठ घाल.

लोभ कपाटात ठेवलेला नाही, तो आहे तिथेच आहे.

मामा


कोलशेत
३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मामास सा. न. वि. वि.

काल मी न सांगता आलेले त्याबद्दल माफी मागत नाही. अरे, अक्षरांचं एवढंच होतं तर आधी बोलायचंस ना! ती एका साध्या फाईलीत लिहिलेली असतात, डावीकडे अक्षर, उजवीकडे काम. तुझी जुनी अक्षरं घातली आणि तू कसा सुटलास ते मी स्वतः बघितलं. ट्रॉलीचा अर्धा सांगाडा चहा थंड व्हायच्या आत उभा केलास. आमच्या ऑफिसातल्या पोरींना तुझा डावा हात दाखवायला पाहिजे.

पण मामा, एक विचारायचंय आणि तू खरं सांगायचं. काही सरकवायचं असलं की तुला एम लागतो. तू प्रत्येक वेळी आधी एन दाबतोस. मशीन टुण्ण करतं, ही आज्ञा ओळखीची नाही म्हणतं, मग तू एम दाबतोस. फक्त एमलाच असं होतं, बाकी एक बोट चुकत नाही. मी मागे उभी राहून बघत होते. प्रत्येक वेळी, मामा.

त्या बोटाला मुंग्या येतात का? कंप सुटतो का? आईला बोलले नाही, पण खरं सांगू, रात्री झोप लागली नाही मला. आमच्या इथे एक चांगले डॉक्टर आहेत. तू नाही म्हणालास तरी मी नंबर लावणार आहे.

लोभ असू दे आणि उत्तर लवकर दे.

ऋजुता


डोंबिवली
दि. ८ फेब्रुवारी २०२५

चि. ऋजुतास अ. उ. आ., वि. वि.

डॉक्टरांचा नंबर रद्द कर. बोट ठणठणीत आहे. जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते आता तुला सांगणं आलं.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. तू आज राहतेस त्या कोलशेतलाच आमचा कारखाना होता. ड्रॉइंग ऑफिसात खिडकीला ओळीने बोर्ड. ट्रेसिंग पेपर ताणून लावायचा, शाईने रेघ ओढायची, चुकली तर ब्लेडने इतकं हलकं खरवडायचं की कागदाला कळू नये. प्रिंट निघायला लागल्या की अमोनियाच्या वासाने डोळ्यांत पाणी यायचं. आज त्या वासासाठी मी मैलभर चालत जाईन. तर तिथे एके दिवशी दोन कॉम्प्युटर आले आणि साहेबांनी सांगितलं, दिवाळीनंतर परीक्षा. पास होतील ते ड्रॉइंगला राहतील, बाकीचे स्टोअर्सला. माझी झोप उडाली. रेघ सोडून मला दुसरं काही येत नव्हतं.

मशीन वाट्याला यायचं दिवसातून जेमतेम अर्धा तास. घरी कॉम्प्युटर कुठला! तुझी मामी कल्याणला इंग्रजी शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची, तक्ते करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने साडीच्या खोक्याचं झाकण घेतलं, स्केचपेनं घेतली आणि मला विचारून विचारून त्यावर अख्खा कीबोर्ड काढला. खालच्या ओळीत मी अडखळलो. तिने ठणकावून सांगितलं, की एम आधी, मग एन, एवढं तर माझी पहिलीतली पोरंही सांगतील. आणि तसं लिहिलं. खऱ्या कीबोर्डवर आधी एन असतो, मग एम, हे तुला सांगायला नको.

रोज संध्याकाळी मी डोळे मिटून त्या झाकणावर बोटं ठेवायचो आणि ती मेथी निवडत एकेक काम पुकारायची. बोट बरोबर पडलं की वर्गातल्या आवाजात शाब्बास म्हणायची. चूक मला ऑफिसात कळली, पण तोवर बोटाने धडा पाठ केला होता. परीक्षेत काठावर पास झालो. घरी आलो तर हिने शिरा केलेला, आणि आख्ख्या चाळीला सांगून झालेलं, की ह्यांना कॉम्प्युटर मी शिकवला. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. तोंडाशी आलेलं शिऱ्याबरोबर गिळलं.

ते पुढे कधीच बाहेर आलं नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्येही अक्षर बदलता आलं असतं, पण रिटायर झाल्यावर घरीच काम करायला लागलो, बदलताना तिने पाहिलं असतं तर विचारलं असतं. टुण्ण झालं की ती स्वयंपाकघरातून विचारायची, काय हो झालं. मी म्हणायचो, मशीन हट्टी आहे.

आता विचारायला कोणी नाही. तरी बोट तिथेच जातं, आणि मला ते तिथून हलवायचं नाही. हे तुझ्यापाशीच ठेव.

लोभ आहे म्हणूनच एवढं लिहिलं.

मामा


कोलशेत
१४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मामास सा. न. वि. वि.

मामा, मी तुझा शब्द मोडला. पत्र वाचता वाचता रडायला लागले, आई समोरच बसलेली, तिने हातातून कागद घेतला. तिने वाचलं आणि ती हसायलाच लागली. हसतेय आणि डोळे पुसतेय. मला काही समजेना.

मामीला माहीत होतं.

तिच्या शाळेत कॉम्प्युटर आला आणि बाईंना ट्रेनिंगला बसवलं, त्या दिवशी ती कल्याणहून थेट आमच्याकडे आलेली. आई सांगते, चप्पलसुद्धा काढली नाही, दारातच म्हणाली, की वन्सं, मी ह्यांना चुकीचं शिकवलं हो. आई म्हणाली, मग जा आणि सांग त्याला. तर मामी म्हणाली, की ह्यांना तर रोज कळत असणार, आणि इतकी वर्षं एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी एवढं जपलं, ते मी कसं मोडू?

आणि तो टुण्ण. तिला माहीत असायचं रे कशाचा आवाज आहे ते. तरी विचारायची. तू मशीनवर ढकलायचास, ते ऐकायला तिला फार आवडायचं, असं तिने आईला कितीदा सांगितलेलं. विचारायची आणि तोंडाला पदर लावून ओट्याशी हसत उभी राहायची.

आता तुला बोट हलवायचं नाही ना? नको हलवूस. अक्षरांची फाईल उघड, अगदी तळाला एक नवी ओळ लिही. डावीकडे एन. उजवीकडे, एमसमोर जे लिहिलंय तेच. सेव्ह कर, झालं. मी येऊन करू शकले असते, पण हे तूच करायचंस. हे सॉफ्टवेअर आपलं आहे, कुणाची परवानगी लागत नाही. एमची ओळ तशीच राहू दे, दोन्ही चालतील.

लोभ तुझाही हवा आणि तिचाही.

ऋजुता


डोंबिवली
दि. २७ फेब्रुवारी २०२५

चि. ऋजुतास अ. उ. आ., वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ती फाईल उघडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती ओट्याशी उभी राहून हसायची, एवढंच डोक्यात घोळत राहिलं. इतकी वर्षं आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो, आणि मला वाटत होतं मी एकटाच शहाणा.

शिवरात्रीच्या आदल्या सकाळी चहा घेऊन टेबलाशी बसलो. ओळ लिहिली. शिकवणीला बसवलेल्या मुलासारखा दोनदा वाचून पाहिली. मग ट्रॉलीचं ड्रॉइंग उघडलं. मागचं चाक थोडं आत घ्यायचं होतं. डोळे मिटले, बोट गेलं तिथेच गेलं.

टुण्ण झालं नाही. चाक सरकलं आणि जिथे हवं तिथे जाऊन बसलं.

मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, माझ्या बहिऱ्या कानांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, की तुझं बरोबर आहे ग. एम तिथेच आहे. रडलो, तेही लिहून टाकतो, आता लपवालपवी पुरे.

साईनाथ काल ड्रॉइंग घेऊन गेला, जाताना जिन्याचं नवं काम टाकून गेला. लॅपटॉप परत मागू नकोस.

तो टुण्ण आता घरात होत नाही, त्याची मात्र चुटपुट लागते. त्या सकाळी माझ्या ओरडण्याने दारात येऊन गंगुबाईंनी विचारलं, की काय हो झालं, कुणाशी बोलताय?

मी म्हटलं, मशीन हट्टी आहे.

आम्हा दोघांचा लोभ तुझ्यावर आहेच.

तुझा,
सुधीरमामा