जुन्या नंबरावर हाका

आप्पा, तुमचा मोर शाबूत आहे, हे आधी ऐका. बाकीचं सावकाश सांगते. मी बोलतेय आणि नात टाइप करतेय, कारण तुम्ही मला शाळेत घातलं नाही. भावाला घातलं, तो पळून येऊन गोट्या खेळायचा. आता राग नाही, पण सांगायची संधी मी कशाला सोडू.

अक्षरं नाही, तरी भोकं तुम्हीच वाचायला शिकवलीत. चादरीची नक्षी मागावर उतरवायची तर भोकं पाडलेले पुठ्ठे लागायचे, एकामागं एक दोऱ्यानं गुंफलेले. तुम्ही भोकं पाडायचात, मी समोर बसून गुंफायची. एकदा मी मागचा गठ्ठा पुढं गुंफला आणि मोराची चोच पिसाऱ्यात उगवली. तुम्ही मारलं नाहीत. सगळी माळ उसवायला लावलीत आणि म्हणालात, "बोटानं बघ, नुसतं डोळ्यानं न्हाई." मी दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला, ते तुमच्या लक्षातही आलं नाही. प्रत्येक नक्षीचे तुम्ही दोन संच करायचात. एक मागावर, दुसरा पलीकडच्या गल्लीत आत्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तो दुसरा संच आणायचा, मागावर चढवायचा, वीतभर विणून बघायचं, मगच परत ट्रंकेत. आत्या वैतागायची, "ट्रंकेत हाय म्हटलं की हाय की रे." तुम्ही म्हणायचात, "विणल्याबिगर मला कळत न्हाई." आणि नवमीला माग बंद. हळदकुंकू, झेंडू, दिवसभर विसावा.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत बघते तर तुमच्या पुठ्ठ्यांना वाळवी. दोन्ही संच मी एकाच कपाटात ठेवले होते. तुम्ही असता तर पुन्हा उसवायला बसवलं असतंत. नात चादरींच्या नक्ष्या कॉम्प्युटरवर काढते. तिनं एकेका पुठ्ठ्याचा फोटो काढून कॉम्प्युटरात घातला आणि मग तो सगळा भुगा कचऱ्यात गेला. "आणि हा कॉम्प्युटर मोडला तर?" मी विचारलं. तिनं फळीवरचा काळा डबा दाखवला. कॉम्प्युटरातलं सगळं रोज आपोआप त्या डब्यात उतरतं म्हणे. "बॅकअप आहे आज्जी, लई काळजी करू नको." मी म्हटलं, "उघडून बघितलंस?" ती वैतागून हसली, अगदी आत्यासारखी.

परवा सकाळी कॉम्प्युटर घरघरायला लागला आणि काम करता करता बंद पडायला लागला. नात घाईनं फोनवरून डबा उघडते, तर आत दसऱ्याच्या आधीचंच सगळं. तुमचा एक पुठ्ठा नाही. एवढे फोटो मावतील असं घरात दुसरं काही नव्हतं. तिचा चेहरा असा पडला की मी चिडवायचंही विसरले. ती वायर बदलते, पासवर्ड पुन्हा घालते, डब्याचा हिरवा दिवा तर छान लागलेला. कॉम्प्युटर आपला म्हणतोय, डबा सापडत नाही. शेवटी तिनं राउटरच्या यादीत बघितलं. राउटर म्हणजे घरातल्या प्रत्येक यंत्राला नंबर वाटणारी पेटी. यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झालं की कधी कधी नंबर बदलतो. डब्याचा बदलला होता, आणि कॉम्प्युटर इतके दिवस जुन्याच नंबरावर हाका मारत बसला होता. "कुणी बंद केला असेल गं?" ती म्हणाली. "लाईट गेली असेल की," मी म्हणाले.

तिनं कॉम्प्युटरला नवा नंबर सांगितला आणि तो डब्याच्या नावानं पक्का करून टाकला. मग फोटो उतरायला लागले. कॉम्प्युटर मधेच दम टाकायचा, ती पुन्हा चालू करायची. मी समोर तुरीच्या शेंगा सोलत बसले, सोलल्या कमी आणि खाल्ल्या जास्त. दुपारी ती म्हणाली, "झालं." मी म्हणाले, "उघड." या वेळी हसली नाही. फोनवरून डबा उघडला, एकेक पुठ्ठा माझ्यापुढं धरला. मी काचेवर बोट फिरवलं, भोकं लागत नव्हती हाताला, पण ओळखली सगळी. हा पायाचा, हा मानेचा. मग तिनं ते जोडून दाखवले. चोच तोंडावरच होती. तेव्हा कुठं मी उठून चहा टाकला.

आता एक गोष्ट राहिली. खंडेनवमीला मी त्या डब्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि त्याची पिन काढून ठेवली. दिवसरात्र राबतो बिचारा, एक दिवस विसावा नको? संध्याकाळी आठवणीनं परत लावली.

नातीचे हात थांबलेत. "म्हंजे आज्जी, तू?" म्हणतेय. "टाइप कर की," मी म्हणतेय. पत्र पाठवायचं कुठं, हेही विचारून झालं तिचं. तुमचा नवा नंबर कुठल्याच यादीत नाही आप्पा, तेव्हा हे डब्यातच राहील. आणि पुढच्या नवमीलाही मी पिन काढणार आहे. नंबर आता पक्का आहे.